चढावरच दुखणारी दाढ

उर्मे, सगळे म्हणतात तुला डोंगरानं नेलं. तुझ्या सासूबाई म्हणतात, खाली पार्किंगमध्ये जमणाऱ्या बायका म्हणतात. गावाकडून आलेल्या तुझ्या चुलत जावांनी डोंगर कसा असतो ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्याही म्हणतात. बाईमाणसाला या वयात कशाला हवेत गडकिल्ले, असं म्हणून चहाचे कप खाली ठेवतात. मी तिथंच सतरंजीवर बसलेली असायचे. एकदा वाटलं, उठावं आणि ओरडून विचारावं, अहो, ती पाचव्या मजल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात गेली, तिथं कुठला डोंगर होता? पण सुतकाच्या घरात आवाज चढवत नाहीत म्हणून गप्प बसले. आता महिना होत आला. जिला सगळं ऐकवावं अशी इथं एकच बाई होती, ती तू. तर ऐक.

आधीच सांगते, मी रडायला बसलेले नाही. रडून झालं. मी चिडलेली आहे, आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर.

आपली ओळख झाली ती डब्यामुळे. माझे हे आणि दत्ताभाऊजी चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, हे एकाच बिल्डिंगमध्ये राहूनही तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. पहिल्या शिफ्टची बस रहाटणीच्या चौकात उजाडायच्या आत येते. भाऊजींचा डबा घरी राहिला म्हणून तू अनवाणी पळत आलीस आणि सुटलेल्या बसच्या पत्र्यावर थापा मारल्यास. मी दूध घ्यायला तिथंच उभी होते. आत खिडकीशी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं तो डबा घेतला. बस गेली आणि तू रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसत सुटलीस. "माय, पुण्यात येऊन पहिल्यांदा पळाले बघ," असं म्हणालीस. मी बार्शीची, तू उदगीरकडची. दोघींचीही गावं सपाट. इथं येऊन दोघींनाही बरीच वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत पिंपरीचा बाजार, मुलांची शाळा आणि नवऱ्यांच्या शिफ्टा यापलीकडे आपण काही पाहिलेलं नव्हतं.

त्याच सकाळी तू मला गच्चीवर नेलंस. लांब आडवी निळसर रेघ दाखवलीस आणि विचारलंस, "ते काय आहे गं?" मी म्हटलं, डोंगर. तू म्हणालीस, "ते कळायलंय मला. पण वर काय असतं?" मला सांगता येईना. तुमच्या गावात सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावरही पोरंच चढायची. "पोरींना कोण चढू द्यायलंय?" असं तू म्हणालीस आणि माझा हात धरून निगडीच्या बसला घेऊन गेलीस. दुर्गा टेकडीला. ती काही डोंगर नव्हे, महापालिकेची बाग आहे, लोक कानटोपी घालून फिरायला येतात. पण वर पोचलो तेव्हा आपल्या दोघींची छाती भात्यासारखी चालली होती, आणि खाली पसरलेल्या त्या एवढ्या शहरात आपली बिल्डिंग कुठली हे तू अर्धा तास शोधत होतीस. सापडली नाही याचा तुला आनंदच झाला.

मग आपलं शिफ्टवर चालू लागलं. नवऱ्यांची पहिली शिफ्ट असली की आपला डोंगर. पोरांना शाळेच्या रिक्षात बसवायचं आणि लोकलनं मळवलीपर्यंत जायचं, कधी अलीकडे घोरवडेश्वरला उतरायचं, आणि दुपारी नवरे यायच्या आत परत. दुसरी आणि तिसरी शिफ्ट म्हणजे घर. घरात सांगायचं काय, हा प्रश्न तूच सोडवलास. मावळातल्या प्रत्येक डोंगरावर एखादा महादेव नाहीतर एखादी देवी असतेच. फिरायला जाते म्हटलं तर घरात दहा प्रश्न येतात, देवाला जाते म्हटलं की सासू स्वतःहून पिशवीत नारळ घालून देते. दोन वर्षं आपण इतक्या देवांना गेलो की तुझ्या सासूबाई चारचौघींत सुनेच्या भक्तीचं कौतुक सांगायच्या. त्या नारळांचं खोबरं आपण वर बसून गुळाबरोबर खायचो आणि प्रसादापुरता एक तुकडा घरी न्यायचो.

तुझे बूट. भाऊजींना कंपनीतून दरवर्षी नवे सेफ्टी शूज मिळतात. जुने माळ्यावर पडलेले असायचे, पुढं आत लोखंडाची वाटी असलेले. त्यात दोन-दोन मोजे घालून तू ते चढवायचीस. मी पिंपरी कॅम्पातून हलके बूट घेतले आणि तुला म्हटलं, तूही घे. "हे फुकटचे काय वाईट आहेत? पायावर डोंगर पडला तरी काय होयना," असं म्हणून तू दणदण पुढं निघालीस. ऐकायचंच नाही हा तुझा जुना रोग.

आणि वर पोचल्यावर तुझं पहिलं काम, आईला फोन. घरात तुला आईशी धड बोलता यायचं नाही, दोन खोल्यांत कोण ना कोण कान देऊन असायचं. गडावर रेंज फुल. तू कड्यापाशी जाऊन ओरडायचीस, "आई, मी ढगाच्या वर हाय!" नेहमी ढग नसायचेच, पण तू म्हणायचीस. मग अर्धा तास तुमचं चालायचं, कधी हसणं, कधी नाक ओढणं. मी पाठ करून शेंगा सोलत बसायचे. तो अर्धा तास मी कधी मोडला नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं लिही.

नंदाताई आपल्यात आल्या त्या नंतर. आपल्या बिल्डिंगच्या मालकीणबाई, अस्सल रहाटणीच्या. त्यांच्या शेतातच ही बिल्डिंग उभी राहिलेली. आपण दोघी चिखलाचे बूट घेऊन जिना चढताना त्यांनी पकडलं. आता बोलणी बसणार असं वाटलं. त्या म्हणाल्या, "आमी जलमापास्नं हितं, पर गडाव कदी गेलो न्हाई बघा. बाहेरच्या बाया येऊन जात्यात आन आमी खालीच बसलोय व्हय?" पुढच्या खेपेला त्या नऊवारीचा काष्टा घट्ट करून तयार. या डोंगरांच्या पायथ्याशी त्यांचा जन्म गेला, आणि त्यांना वर न्यायला उदगीरची बाई यावी लागली.

आता दाढेचं.

विसापूरच्या पायऱ्या. त्या धोंड्यांतून आपण वर चढत होतो आणि तू गाल धरून खाली बसलीस. म्हणालीस, दाढ ठणकायलीय. पाच मिनिटं बसलीस, थांबली. परत चढलीस, परत ठणकली. उतरताना काही नाही. तू खो खो हसत होतीस. "असली कसली गं दाढ, चढावरच दुखायली?" त्यावर आम्ही तुला किती छळलं. नंदाताई म्हणाल्या, दाढ आळशी हाय. मी म्हटलं, तिला लिफ्टची सवय झालीय. तुझी एक दाढ खरोखरच किडलेली होती, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन तू ती काढून टाकलीस आणि गाल सुजवून मला दाखवायला आलीस, लढाई जिंकल्यासारखी.

पुढच्या महिन्यात घोरवडेश्वरच्या पायऱ्यांवर तू पुन्हा थांबलीस. घामानं भिजली होतीस, आणि तो उन्हाचा घाम नव्हता. गालावर हात ठेवून माझ्याकडं बघितलंस. "शैले, दाढ तर काढली. मग दुखायलंय ते काय?" तेव्हाही तुला हसू येत होतं. मला नाही आलं. माझे वडील सायकल दामटताना असाच जबडा धरायचे, उतरले की बरे व्हायचे. आम्ही सगळे त्यांना दातांचं औषध द्यायचो. ते कसे गेले हे मी तुला त्याच पायरीवर सांगितलं.

मी म्हटलं, चल, इथूनच दवाखान्यात जाऊ. तू म्हणालीस, "वेडी झालीस का? कागदावर काय निघालं की हे बंद होईल."

"बंद झालं तर झालं."

"तुझं होईल का बंद? माझंच होईल न्हवं?"

नंदाताई वर देवळापाशी पोचल्या होत्या, तिथून हाका मारत होत्या. आपण तिथं भांडलो, देवाच्या दारात. तू शपथ घालत होतीस आणि मी घेत नव्हते. पुढं तू म्हणत राहिलीस की मी शब्द मोडला. मी शब्द दिलाच नव्हता, उर्मे. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि आज पुन्हा सांगते.

आठवडाभर तुझ्या मागं लागले, मग चौकात जाऊन उभी राहिले. पहिल्या शिफ्टची बस दुपारी आली, भाऊजी उतरले. मी त्यांना सगळं सांगितलं, जबडा, घाम, माझे वडील. हृदय हा शब्द स्पष्ट उच्चारला. छातीच्या डॉक्टरला दाखवा, ईसीजीची पट्टी काढा, आजच जा, असं म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नाहीत, ओरडणारे नाहीत, दारू पिणारे नाहीत. त्यांनी विचारलं, "घरात काम करताना होतं का वहिनी?"

मी म्हटलं, "नाही. चढतानाच."

"मग चढायचंच कशाला?"

उर्मे, हा माणूस कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीनचा आवाज जरा बदलला की हा अख्खी लाइन थांबवतो, पत्रा उघडतो, हात काळे करून आत बघतो. साहेब आरडाओरडा करतो तरी ऐकत नाही. माझे हे कौतुकानं सांगायचे. आणि घरातल्या मशीनचा आवाज बदलला तर यानं काय केलं? बटण बंद केलं. आता आवाज येत नाही, म्हणजे बरी झाली. बूट भंगारवाल्याला दिले. सासूबाईंना कळलं की भक्ती कुठल्या वाटेनं चालली होती, त्यांनी आठ दिवस तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आणि दवाखाना? दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. कारण तुला काही होतच नव्हतं. लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली, सपाट फरशीवर स्वयंपाक. दाढ दुखायचं कारणच उरलं नाही. तो डोंगर तेवढा खरं बोलत होता, त्याचंच तोंड बंद केलं सगळ्यांनी मिळून.

तूही त्यात आलीस. तुला सोडणार नाही मी. तू माझ्या दारात आलीस, हातात माझा डबा होता, विसापूरला तुझ्याकडं राहिलेला. "मी तुझं काय वाकडं केलं होतं?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, मी डॉक्टरकडं न्या म्हणाले होते, डोंगर बंद करा म्हणाले नव्हते. तू म्हणालीस, "त्यांना काय ऐकू येतं ते तुला ठाऊक नव्हतं?" मी तुझ्या हातातून डबा घेतला. पण तूही मग हट्टानं दवाखान्यात गेली नाहीस. मी तुला एकदा नाही, अनेकदा निरोप पाठवला, नंदाताईंच्या तोंडून, तुझ्या पोरीच्या तोंडून. तुझा राग एवढा महाग होता का, की त्यापुढं जीव स्वस्त?

दिवाळी गेली, संक्रांत गेली. हळदीकुंकवाला तू माझ्या घरचं वाण घेतलंस आणि कुंकू लावून न बोलता परत गेलीस. मला एवढा संताप आला की मी तुझ्या हातचा तिळगूळ खाल्ला नाही, डब्यात टाकला. गॅलरीत तू कपडे वाळत घालायचीस, मी खाली असले की चादर आडवी ओढायचीस. माझ्याबरोबर कोणी नसायचं. नंदाताईंना घेऊन एकदा तिकोन्याला गेले, वर पोचल्यावर शेंगा सोलल्या आणि उतरलो. फोन लावायलाही कुणी नव्हतं.

आणि मग तो दिवस. लिफ्ट बंद होती. तू गिरणीतून दळण आणलं होतंस, ज्वारीचा मोठा डबा. दुपारची वेळ, मी घरात होते, काकडी किसत होते. तीन मजले तू तो डबा घेऊन चढलीस आणि माझ्या दाराबाहेर थांबलीस. हे मला नंतर कळलं, कारण डबा तिथंच सापडला, माझ्या पायपुसण्याला टेकवून ठेवलेला, झाकण नीट लावलेलं. तुला दुखत असणार. जबडा धरून तू तिथं उभी असणार. दाराला बेल आहे, उर्मे. तुझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आहे. नुसता कोपर टेकवला असतास तरी वाजली असती. मी दार उघडलं असतं, काहीही न विचारता तुला रिक्षात घातलं असतं, पाच मिनिटांवर दवाखाना आहे. तू बेल वाजवली नाहीस. डबा ठेवलास, मोकळ्या हातांनी वर गेलीस, घरात पाणी प्यायलीस आणि ओट्यापाशी पडलीस. सासूबाईंची किंकाळी ऐकून मी बाहेर पळाले तेव्हा त्या डब्यालाच अडखळले. या एका गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही. प्रयत्नही करणार नाही.

तुझी आई आली होती. लहानखुरी, तुझ्यासारखीच रुंद कपाळाची. माझा हात सोडत नव्हती. म्हणाली, "मागं लई फोन करायची माझी लेक. आवाजात वारा यायचा. मग बंदच झाला बघा फोन. नुसतं, आई बरी आहेस का, मी बरी हाय, ठेवते." तिला मी सांगितलं, तो वारा गडावरचा होता. तिला ते खोटं वाटलं असावं. तू ढगावर आहेस हे ती चेष्टेवारी नेत होती.

तेराव्याला भाऊजी माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. रडून डोळे सुजलेले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून बरं झालं. डोंगर आधीच बंद केला होता. नाहीतर तिकडं कुठं कड्यावर झालं असतं, आणायचेही हाल झाले असते. घरातच गेली, आपल्या माणसांत." ते मनापासून बोलत होते, उर्मे. माझे आभार मानत होते. माझ्या हातात जिलेबीचं ताट होतं, ते मी खाली ठेवलं आणि घरी आले. त्यांना काय सांगणार होते मी? सांगायचं ते एकदा चौकात सांगून झालं होतं.

परवाचं सांगते आणि थांबते. नंदाताई म्हणाल्या, उर्मिलेच्या नावानं एकदा घोरवडेश्वराला नारळ वाढवून येऊ. गेलो. अर्ध्या पायऱ्यांवर त्या थांबल्या, छातीवर मूठ ठेवली आणि म्हणाल्या, "काय न्हाई, जरा आवळल्यावानी झालं. पोरास्नी सांगू नगं."

मी त्यांना दुसरा शब्द बोलू दिला नाही. दंडाला धरून खाली आणलं, रस्त्यावर येऊन मिळेल ती गाडी थांबवली आणि सरळ पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्या वाटभर मला शिव्या घालत होत्या, अगदी ठेवणीतल्या. काष्ट्याला माती, हातात न फोडलेला नारळ, अशा अवतारात त्यांना खाटेवर झोपवलं. पट्टी काढायला लावली, रक्त काढायला लावलं, डॉक्टरीणबाई नको म्हणत होती तरी सगळं करायला लावलं. सगळं होईपर्यंत घरी फोन केला नाही.

पित्त निघालं. सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा. हृदय एकदम ठणठणीत.

त्यांची मुलं गाडी घेऊन आली, सगळी भावकी जमली, आणि म्हातारी गडावर जाते हे सगळ्या रहाटणीला कळलं. आता त्यांचंही बंद. त्या माझ्याशी बोलत नाहीत. "तुज्यामुळं माजं हसं झालं," एवढं ऐकवलं आणि दार लावून घेतलं. मी आता एकटीच उरले, डोंगरावरही आणि खालीही.

काल संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी त्या मला दिसल्या. मी समोर आहे हे पाहिलं, नाकाला पदर लावला, तोंड फिरवलं आणि ताडताड चालत गेल्या, पालकाची जुडी हातात गच्च धरून. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. किती धडधाकट चालत होत्या. भाजीवाला विचारत होता, ताई काय देऊ, आणि मी पालकाकडं बोट दाखवलं, उर्मे. आयुष्यभर अशीच तोंड फिरवत राहिली असतीस ना तू, तर चाललं असतं मला.